टेलरमास्तरांची डबी

शून्य मीटर

टेबलावर मांडलेल्या वस्तू, डावीकडून उजवीकडे:

पाणबुड्याचं काळं जॅकेट. सापडलं तेव्हा फुगवलेलं होतं, आता हवा काढलेली.

माणसाच्या उंचीची नारिंगी नळी. पाण्यावर उभी करतात, दूरच्या बोटीला दिसावी म्हणून. उघडलेली, फुगवलेली.

शिट्टी.

पायाला बांधायची सुरीची म्यान. सुरी नाही.

जॅकेटच्या छातीवर डाव्या बाजूला हाताने शिवलेला खिसा. दुहेरी टीप, कोपऱ्यांना जास्तीचे टाके. असलं काम कंपनीत होत नाही.

त्या खिशात, दोरीने बांधलेली, पांढऱ्या नायलॉनची गोल डबी. बंद. हलवली की आत काहीतरी जड सरकतं.

टेबलाच्या अलीकडे तपासनीस बाई, पलीकडे साहेब. मधे फाइल. फाइलवर ज्याचं नाव होतं त्याला त्याच्या गावात सगळे टेलरमास्तर म्हणत. वय अठ्ठावन्न, धंदा शिवणकाम, छंद स्कूबा. सोमवारी सकाळी बोटीतून पाण्यात उतरला आणि बोटीकडे परत आला नाही. बुधवारी सकाळी मासेमारीच्या एका बोटीला चौदा मैलांवर तरंगताना सापडला, जॅकेट फुगलेलं, नळी उभी, जीव गेलेला. डॉक्टरांनी लिहिलं होतं: गारठून मृत्यू, बहुधा मंगळवारी दुपारी. त्याखाली बारीक अक्षरात: वरचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला, खडकावर आपटून असावा.

"म्हणजे दीड दिवस हा माणूस पाण्यावर जिवंत होता," साहेब म्हणाले, "आणि बीकन छातीवर."

बीकन म्हणजे मुठीत मावणारं यंत्र. पाण्याखाली ते मुकं असतं. पाण्यावर येऊन अँटेना उभी केली आणि बटण दाबलं, की उपग्रहाला कळतं की अमुक माणूस अमुक ठिकाणी अडकलाय. मग बोट निघते. ह्या समुद्रात तासा-दोन तासांचं काम.

"नळी फुगवली ती सवयीने," साहेब पुढे म्हणाले. "नंतर विचार बदलला असेल. बायको वर्षापूर्वी गेलीय त्याची. गप्प गप्प असायचा म्हणे. बाई, डबी उघडलेलीच नाही हो. ह्याच्यापुढे आणखी काय पाहिजे तुम्हाला?"

फाइलमध्ये 'कारण' असा एक चौकोन होता. साहेबांनी त्यात पेन्सिलीने एक शब्द लिहिला: स्वेच्छेने. आणि पुढे एक प्रश्नचिन्ह, बाईंच्या समाधानासाठी.

"शुक्रवारपर्यंत त्यावर पेन फिरवून टाका."

साहेब गेल्यावर फोन वाजला. मुलीचा आवाज, तरुण, सरळ.

"मी टेलरमास्तरांची मुलगी. बाबांच्या वस्तू कधी मिळतील ते विचारायला फोन नाही केला. मला एकच सांगा, मॅडम. त्यांना परत यायचं नव्हतं का?"

"तपास चालू आहे."

"ते ठाऊक आहे मला. मी विचारलं ते वेगळं होतं."

बाईंनी फोन ठेवला. डबी उचलली. झाकणाला आटे नव्हते. नुसतं दाबून बसवायचं आणि ओढून काढायचं, बरणीच्या बुचासारखं. आत रबरी रिंग, पाणी अडवायला. बाईंनी ओढलं. दोन्ही हातांनी ओढलं. गुडघ्यांत धरून ओढलं.

झाकण हललं नाही.

उणे तीन मीटर

हे कार्यालयाचं तळघर. इथे फिटर बसतो आणि त्याच्या मते इमारतीतला एकमेव काम करणारा माणूस तोच.

त्याने ओढून पाहिलं, गरम फडकं लावून पाहिलं, मग हात टेकले.

"शिकंज्यात धरून पाना लावला तर निघेल. पण फुटलं तर साहेब माझं झाकण काढतील."

"फोडायचं नाही. पुरावा आहे."

"मीठ धरलंय, नाहीतर मापात चूक. लेथवर घरी केलेली दिसतेय. कुणी केली?"

"फाइलमध्ये लिहिलंय, मेहुण्याने."

"मग संपलंच," फिटर म्हणाला. "मेहुण्याकडून माणसाने लग्नात आहेर घ्यावा, जीव वाचवायची वस्तू घेऊ नये. ज्याने केली त्याच्याकडूनच उघडून घ्या. त्याच्या समोर. तोंड बघा त्याचं."

बाईंनी डबी दिव्याखाली फिरवली. झाकण आणि डबी जिथे मिळतात तिथे नखपॉलिशची एक उभी जांभळट रेघ ओढलेली होती. अर्धी झाकणावर, अर्धी डबीवर.

दोन अर्ध्या एकमेकींसमोर नव्हत्या. बोटभर सरकलेल्या होत्या.

उणे अठरा मीटर

(टेलरमास्तरांचा पाण्याखालचा जोडीदार. व्यवसायाने पोस्टमन. चौकशीसाठी बंदरावरच थांबवून ठेवलेला. बाईंनी वहीत फक्त उत्तरं लिहिली. प्रश्न त्यांना पाठ होते.)

हो, जोडीदार मीच. अकरा वर्षं.

आमच्याकडे कुठला समुद्र? डोंगरातलं गाव, तळं आहे वर. बर्फासारखं गार. सगळे तिथेच शिकलो. समुद्रावर वर्षातून एकदा यायचं, आठ दिवस.

भांडण? बुद्धिबळावरून व्हायचं. ते मास्तर चाल परत घ्यायचे. तेवढ्यावर कुणी कुणाला बुडवत नाही.

अठरा मीटरवर होतो. प्रवाह एकदम फिरला. मी खडक धरला, त्यांनीही धरला. मग पाहिलं तर माझा खडक होता आणि ते नव्हते. वर आलो तर धुकं. बोटवाल्याने मला शिट्टीवरून शोधलं. त्यांची शिट्टी ऐकू आली नाही.

बीकन सगळ्यांकडे असतं. दुकानात दोन जातीची होती. एक खोल पाण्यातही टिकतं, डबी लागत नाही, पण हाक जवळच्या बोटींनाच ऐकू जाते. दुसरं थेट उपग्रहाशी बोलतं, जगात कुठूनही. पण चार-पाच मीटरच्या खाली त्यात पाणी शिरतं, म्हणून त्याला डबी हवी. मास्तर पहिलं घेणार होते. मुलगी म्हणाली, जिथे एकही बोट नसेल तिथून कोण ऐकणार? मग दुसरं घेतलं.

बाजारात आट्यांच्या झाकणाच्या डब्या मिळतात की. मोठ्या असतात, कमरेला लटकतात, कशाततरी अडकतात. मास्तरांना छातीवरच हवी होती, उजवा हात थेट पडेल अशी. खिसा स्वतः शिवला, खिशाच्या मापाची डबी मेहुण्याकडून करून घेतली. टेलर माणूस, मापाच्या बाहेर काही चालायचं नाही. नवीच होती, दोन महिन्यांची. समुद्रावर पहिल्यांदाच आणलेली.

नियम क्लबचा. पाण्यात उतरण्याआधी डेकवर प्रत्येकाने डबी उघडायची, बीकनचं चाचणीचं बटण दाबायचं, दिवा लागला की रिंग पुसून डबी परत बंद करायची. मी वहीत नावापुढे खूण करायची. ते माझं काम.

हो, मास्तरांच्या नावापुढेही खूण आहे. बघा ना.

घाम येतोय खरा. तुमच्याकडे उकडतं फार.

माझं मत विचाराल तर डबीच वाईट. मेहुण्याला मी तोंडावर सांगेन.

बाराशे मीटर

बस चढत होती आणि तपासनीस बाईंचा डावा कान बंद होत होता. तो लहानपणापासून असाच. दुसऱ्या मजल्यावर गेलं तरी कुरकुरणारा. पाणबुड्यांच्या फायली चाळण्यात हयात गेली तरी बाई स्वतः कधी पाण्याखाली गेल्या नव्हत्या, त्या ह्याच कानामुळे.

मांडीवर पर्स, पर्समध्ये डबी. शेजारच्या सीटवर बंदरावरच्या स्टँडवर घेतलेला बिस्किटांचा पुडा. वळणं मोजायची बाईंनी सोडून दिली होती, तेव्हा पुड्याकडे लक्ष गेलं. खाली चपटा घेतलेला पुडा आता उशीसारखा टम्म झाला होता.

"ताई, टाकून द्या तो," पलीकडच्या सीटवरची म्हातारी म्हणाली. "फुगला म्हणजे नासला. माझ्या सुनेने असलंच लोणचं खायला घातलं होतं मला."

"मग?"

"मग काय, मी आहे. सून माहेरी आहे."

बाईंनी पुडा फोडला. फुस्स झालं. बिस्किटं ताजी होती. त्यांनी म्हातारीला दोन दिली. तिने ती हुंगून, देवाचं नाव घेऊन खाल्ली आणि वर पोचेपर्यंत बाईंकडे संशयाने पाहत राहिली.

दोन हजार चारशे मीटर

टर्नरचं वर्कशॉप म्हणजे एक लेथ, एक दिवा आणि जमिनीवर नायलॉनच्या पांढऱ्या कुरळ्या सालींचा सडा. टर्नर दार अर्धं लोटूनच काम करत होता.

"या मॅडम. गावात मला बघून लोक रस्ता बदलतात, तुम्ही आलात हे बरं झालं. बहिणीचा नवरा होता तो माझा. बहीण गेली तरी दाजी रोज संध्याकाळी इथे येऊन त्या स्टुलावर बसायचे. न बोलता. बसू द्यायचो मी."

"डबी उघडत नाही."

"कोण म्हणतं?"

"मी. आमचा फिटर."

"फिटर!" टर्नरने तो शब्द थुंकल्यासारखा टाकला. "आणा."

"आधी नीट बघा. हे खड्डे तुमचे का?"

झाकणाच्या कडेला, वर दोन आणि खाली दोन, बारीक खळगे होते. टर्नरने चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"नाही. माझ्या लेथचे जबडे तीन, सारख्या अंतरावर. हे असे समोरासमोर, अर्धगोलात... हा ओरखडाही माझा नाही. सुरीचा आहे. फटीत पातं घालायला गेलाय कुणीतरी. जाणार कसं? ह्या फटीत नख शिरणार नाही अशी बसवलीय मी." सांगताना छाती जराशी पुढे आली आणि मग, आपण कशाचा अभिमान सांगतोय हे लक्षात येऊन, पुन्हा मागे गेली.

बाईंनी सगळ्या बाजूंनी फोटो काढले. जांभळट रेघेचे दोन जास्त काढले.

"आता उघडा."

टर्नरने डबी डाव्या हातात घेतली. उजव्या अंगठ्याने झाकण वर ढकललं. नुसत्या अंगठ्याने.

टप्.

झाकण निघालं. आत पिवळं बीकन, कोरडं ठणठणीत. त्याने चाचणीचं बटण दाबलं. हिरवा दिवा लागला.

"ही अडकली होती?" टर्नर म्हणाला. चेहऱ्यावर विजय नव्हता, भीती होती. "मॅडम, मी काही केलं नाही. तुमच्यासमोर धरलीय."

"माहितेय मला. इकडे द्या."

बाईंनी झाकण बसवलं, काढलं. बसवलं, काढलं. लहान मूलही काढील इतकं सोपं. बंदरावर गुडघ्यांत धरून न निघालेलं तेच झाकण.

म्हणजे डबी चांगली होती, बीकन चांगलं होतं आणि मास्तरांच्या छातीवर होतं. साहेबांनी हे पाहिलं असतं तर पेन्सिलीखाली आणखी एक आधार धरला असता.

दोन हजार चारशे मीटर, एक जिना वर

खाली दुकान. मशीनवर एक कोट अर्धवट, एक बाही लावलेली, दुसरी टाचण्यांवर. वर घर. मुलगी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायची. पाणी पुढे केलं त्या हाताच्या नखांवर तीच जांभळट छटा होती, टोकांशी उडालेली.

"रेघ तुमची?"

"हो. बाबांची डबी नेहमी मीच बंद करते. त्यांना चष्मा लागल्यापासून. रिंगवर एक केस राहिला तरी पाणी शिरतं, आणि त्यांना केस दिसायचा नाही. निघायच्या दिवशी सकाळी, ह्याच टेबलावर. चाचणी केली, दिवा लागला, वंगण लावलं, बंद केली."

"आणि रेघ कशासाठी?"

"लॅबची सवय. बाटलीला कुणी हात लावला तर कळतं. मामाने डबी दिली तेव्हापासून तळ्यावर जातानाही मी रेघ ओढायचे. तिथे ते पाण्यावर येऊन उघडायचे, सराव म्हणून. कधी अडकली नाही."

"समुद्रावर डेकवर उघडून पाहायचा नियम आहे."

मुलगी ओझरतं हसली. "त्यावरून चिडवत होते मला. म्हणाले, तू बंद केलेली आता पोस्टमनने डोकं आपटलं तरी मी उघडायचा नाही. तपासून, सील करून, एवढी रेघ मारून दिलीय आणि त्याला परत बघायची कशाला?" हसू विझलं. "मॅडम, मी फोनवर विचारलं होतं."

"हो."

"आई गेल्यावर ते बोलायचे कमी. पण कोट घेतला होता शिवायला. पुढच्या आठवड्यात द्यायचा होता. ज्याला परत यायचं नाही तो माणूस बाही टाचून ठेवून जातो का? मला वाटतं, नाही जात. मग दुपारी वाटतं, जात असेल. रोज असंच चाललंय."

बाईंनी डबी टेबलावर ठेवली, आत बीकन ठेवलं.

"त्या सकाळी जशी बंद केलीत तशी करून दाखवाल? काही न गाळता."

मुलीने दिवा ओढला. रिंग काढली, पुसली, उजेडात फिरवून पाहिली. वंगणाचा थेंब बोटावर. रिंग परत. झाकण दाबलं, तळव्याने चौफेर. मग, न सांगताच, पॉलिशची बाटली काढून जुन्या रेघेच्या विरुद्ध बाजूला नवी रेघ ओढली आणि फुंकर मारली.

"उद्या ही बंदरावर न्यायचीय," बाई म्हणाल्या. "तुम्ही दोघंही चला. मामांना सांगा."

बाराशे मीटर, उलट दिशेने

उतरताना टर्नर पुढे ड्रायव्हरजवळ बसला आणि त्याला लेथबद्दल सांगत सुटला. मुलगी खिडकीशी. तिने वर निघताना भरलेली पाण्याची बाटली घाटाच्या सुरुवातीलाच पिऊन संपवली होती आणि बूच घट्ट लावून मांडीवर ठेवली होती.

तपासनीस बाईंचा कान पुन्हा बंद झाला. ह्या वेळी आतल्या बाजूला दाबल्यासारखा. त्या जबडा हलवत होत्या, तेवढ्यात कड्कन आवाज झाला.

मुलीने बाटली वर उचलून धरली. कुणी हात न लावता तिची बाजू आत गेली होती. पुढच्या वळणाला आणखी एक घडी पडली. कड्.

मुलगी बाटलीकडे पाहत राहिली. तीन वळणं. मग तिने बूच किंचित सैल केलं. सूं करून हवा आत शिरली आणि बाटली पुन्हा गोल झाली. तिने बूच लावलं. काढलं. परत लावलं.

"मॅडम," ती म्हणाली, अगदी खालच्या आवाजात, मामाला ऐकू जाऊ नये म्हणून, "डबी आत्ता उघडून बघू?"

"खाली पोचल्यावर."

"तुम्हाला कधी कळलं?"

"वर, तुमच्या मामांनी अंगठ्याने उघडली तेव्हा. बिस्किटांनी आधीच सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही."

मुलीने मान हलवली. मग उरलेला सगळा घाट तिने बाटली दोन्ही हातांत धरून ठेवली. बाटली आवाज करत राहिली.

शून्य मीटर

साहेब, फिटर, पोस्टमन, टर्नर, मुलगी. पाच माणसं आणि खुर्च्या चार. फिटर उभा राहिला आणि त्यामुळे सगळ्यांपेक्षा उंच असल्याचा आनंद त्याने लपवला नाही.

"साहेब, उघडा," तपासनीस बाई म्हणाल्या.

साहेबांनी ओढली. लाल झाले. फिटरकडे दिली.

"ह्यांनी उघडून पाहावी," फिटर टर्नरकडे बोट दाखवून म्हणाला.

टर्नरने अंगठा लावला. मग दोन अंगठे. मग त्याने डबीकडे असं पाहिलं, जणू स्वतःचं मूल परक्या भाषेत बोलू लागलं आहे.

"काल उघडली होती! मॅडम, तुम्ही होतात समोर!"

"काल उघडली, कारण तिथेच बंद केलेली होती," बाई म्हणाल्या. "डबीत काही बिघाड नाही. मीठही नाही, काल तिच्यात मिठाचा कण नव्हता. आपण सगळे डबी उघडत का नाही ते शोधत होतो. ती बंद कुठे झाली, हे विचारायला हवं होतं. वर हवा विरळ असते, इथल्यापेक्षा चौथ्या हिश्श्याने कमी. तिथे झाकण लावलं की ती विरळ हवा डबीत कोंडली जाते. डबी खाली आणली की बाहेरची दाट हवा झाकण आत दाबून धरते. फिटरदादा, तुमचा ताणकाटा आणा."

फिटरने झाकणाभोवती दोरीचा फास आवळला आणि त्यात काटा अडकवला. दोघांनी डबी धरली, फिटरने ओढलं. काटा तेरा किलोपर्यंत गेला, मग थोडा पुढे, आणि झाकण फट्दिशी निघालं. फिटर मागच्या कपाटावर आदळला.

"तेरा किलो," बाई म्हणाल्या. "इथे काट्याला हूक होता. तिथे गुळगुळीत कड, ओले हात, लाटा आणि गारठलेली बोटं."

साहेब म्हणाले, "पण तळ्यावर उघडायची ना?"

"तळं घराच्याच उंचीवर आहे. बंदही तिथे, उघडायचीही तिथेच. समुद्रावर ही डबी पहिल्यांदाच आली. आणि समुद्रावर तुमचा नियम होता." बाई पोस्टमनकडे वळल्या. "डेकवर उघडा, तपासा, बंद करा. त्या दिवशी डेकवर ही उघडली असती तर इथली हवा आत गेली असती, आणि मग ती पाण्यातही अंगठ्याने निघाली असती. निघाली नाही. म्हणजे उघडलीच नव्हती. मग वहीत खूण कशी?"

पोस्टमनने मान खाली घातली.

"रेघ दाखवली त्यांनी मला," तो म्हणाला. "म्हणाले, पोरीने केलंय, तुझ्या खुणेपेक्षा पक्कं आहे. मी पाहिलं. सुंदर रेघ होती. मोडवेना मलाही. म्हटलं बरं, आणि खूण केली." त्याने मान वर केली. "ओढायला लागलो असतो तर तिथेच कळलं असतं. डेकवरच. दुसऱ्याची डबी देता आली असती. अकरा वर्षांत एकदा खोटी खूण केली मी."

"आणि फोन करून गावभर मला वाईट कारागीर ठरवलंस," टर्नर म्हणाला. पण आवाजात जोर नव्हता. तोही झाकणाच्या कडेकडे पाहत होता, जिथे त्याने नख शिरू नये म्हणून इतकी मेहनत घेतली होती.

साहेबांनी घसा साफ केला. "ठीक आहे. उघडली नसती हे कबूल. पण त्याने उघडायचा प्रयत्न केला, ह्याला काय आधार? हातच लावला नसेल तर?"

मुलगी पहिल्यांदाच बोलली. "रेघ."

बाईंनी फोटो टेबलावर ठेवले, एकेक.

"ही घरी ओढलेली रेघ. झाकणावरची अर्धी बोटभर पुढे गेलीय. झाकण पिळल्याशिवाय ती सरकत नाही, आणि पिळलं ते आमच्या हाती येण्याआधी. मी ओढून पाहिलं, फिटरदादांनीही ओढलंच. पण त्याआधी डबी दिव्याखाली धरली असती तरी हेच दिसलं असतं, कारण वस्तू आल्या त्या दिवशीच्या पंचनाम्याच्या फोटोतही रेघ अशीच आहे. हा दुसरा. सुरीचा ओरखडा. म्यान रिकामी आहे. सुरी त्या प्रयत्नात हातातून सुटली. आणि हे."

चार खळगे. वर दोन, खाली दोन, अर्धगोलात.

"डॉक्टरांनी लिहिलंय, खडकावर आपटून दात तुटला. खडक होता तो अठरा मीटर खाली, आणि तिथे तोंडात श्वासाची नळी असते; मास्तर सापडले त्या जागी आणि वाटेतही खडक नाही, साहेब. चौदा मैल नुसतं पाणी आहे."

साहेबांनी फोटो जवळ घेतला. मग लांब धरला. मग उलटा ठेवला.

"हातांनी झालं नाही, सुरीने झालं नाही," बाई म्हणाल्या. "मग दातांनी. एकदा नाही. दात तुटेपर्यंत."

मुलीने फाइल स्वतःकडे ओढली. कुणी अडवलं नाही. 'कारण' हा चौकोन तिने शोधला आणि साहेबांकडे हात पुढे केला. साहेबांना आधी कळलं नाही. मग त्यांनी खणातून खोडरबर काढून दिलं.

तिने 'स्वेच्छेने' पुसलं. आधी शब्द, मग प्रश्नचिन्ह. कागद फाटू नये म्हणून दुसऱ्या हाताने ताणून धरला होता. कचरा फुंकरीने उडवला, काल पॉलिशवर मारली तशाच बारीक फुंकरीने.

खाली आणखी एक ओळ होती: उपकरण बंद करणाऱ्याचे नाव व ठिकाण. ती कोरी होती. तपासनीस बाईंनी ती मुद्दाम कोरी ठेवली होती. आणि डोंगर उतरताना ठरवलं होतं की ह्या ओळीबद्दल कुणी विचारलं नाही तर आपण होऊन काही बोलायचं नाही.

"ही राहिलीय," मुलगी म्हणाली.

"ती तांत्रिक आहे. भरलीच पाहिजे असं नाही."

"लॅबमध्ये कोरी ओळ असली तर नमुना परत पाठवतात." तिने बाईंच्या खिशातलं पेन काढून घेतलं. "मी बंद केली. कुठे, तेही लिहिते. नाहीतर पुढच्या वर्षी दुसरं कुणीतरी घरीच बंद करून आणेल."

तिने स्वतःचं नाव लिहिलं. ठिकाणाच्या पुढे लिहिलं: घर. थोडं थांबून, समुद्रसपाटीपासून दोन हजार चारशे मीटर.

मग पेन खाली न ठेवता तिने वर पाहिलं, पुसलेल्या चौकोनाकडे.

"इथे काय लिहू?"

"जे झालं ते," तपासनीस बाई म्हणाल्या.

चौकोन लहान होता. मुलीने बारीक अक्षरात, एकही शब्द न खोडता लिहिलं: त्यांनी शेवटपर्यंत उघडायचा प्रयत्न केला.